डिलेनी अँड बॉनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिटारवादक एरिक क्लॅप्टन किंवा बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन आवडीने ऐकणाऱ्यांना हे नाव रेकॉर्डच्या पाठीवरच्या बारीक अक्षरांत कधी ना कधी दिसलेलं असतं. बहुतेकांची ओळख तिथेच थांबते. १९६९ ते १९७२ या काळात या नवरा-बायकोने जे गाऊन ठेवलं, ते दुसऱ्या कुणाच्या चरित्रातली तळटीप म्हणून बाजूला सारण्यासारखं नाही, वेळ काढून ऐकण्यासारखं आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

डिलेनी अँड बॉनी म्हणजे नेमके कोण?

डिलेनी ब्रॅमलेट आणि बॉनी ब्रॅमलेट. दोघेही अमेरिकन, दोघेही गायक आणि गीतकार, डिलेनी शिवाय गिटारवादक आणि निर्माता. लग्न १९६७ मध्ये झालं, पहिले दोन अल्बम १९६९ मध्ये आले, शेवटचा १९७२ मध्ये. बहुतेक रेकॉर्डवर नाव येतं ते ‘डिलेनी अँड बॉनी अँड फ्रेंड्स’ असं. या ‘फ्रेंड्स’नी पुढे जे नाव काढलं, त्यात मूळ दोघं झाकोळले गेले.

दोघं आले कुठून?

डिलेनीचा जन्म १ जुलै १९३९ चा, मिसिसिपी राज्यातल्या पॉन्टोटॉकचा. शेतीवाडीचा, चर्चमधल्या गाण्याचा आणि ब्लूजचा हा मुलूख. काही काळ नौदलात काढून तो लॉस एंजेलिसला आला आणि ‘शिंडिग’ या दूरचित्रवाणीवरच्या संगीत कार्यक्रमाच्या घरच्या बँडमध्ये, म्हणजे ‘शिंडॉग्ज’मध्ये, वाजवू-गाऊ लागला. लिओन रसेलसारखे वादक त्याच्या ओळखीचे झाले ते याच वर्तुळात.

बॉनीचं माहेरचं नाव बॉनी लिन ओ’फॅरेल. जन्म ८ नोव्हेंबर १९४४, इलिनॉयमधल्या ऑल्टन गावी. मिसिसिपी नदीच्या पलीकडच्या काठावर सेंट लुइस शहर, आणि तिथले क्लब म्हणजे ब्लूज आणि सोल या कृष्णवर्णीयांच्या संगीतप्रकारांची शाळाच. शाळकरी वयातच ती तिथे गाऊ लागली. अल्बर्ट किंग, लिटल मिल्टन, फोंटेला बास अशा लोकांबरोबर तिने रंगमंच वाटून घेतला. कृष्णवर्णीय श्रोत्यांपुढे एका गोऱ्या मुलीने त्यांचंच गाणं गायचं, तेही साठच्या दशकाच्या सुरुवातीला. तिथे आवाजात खोट असती तर कुणी उभंही केलं नसतं. बॉनीचा आवाज तिथे तावूनसुलाखून निघाला, आणि पुढे तिच्या प्रत्येक रेकॉर्डवर ते जाणवतं.

बॉनी टीना टर्नरच्या मागे गात असे, हे खरं आहे का?

खरं आहे, पण फार थोडे दिवस. आइक अँड टीना टर्नरच्या ताफ्यात ज्या तीन मुली कोरसला असत त्यांना ‘आयकेट्स’ म्हणत. त्यांतली एक ऐनवेळी गळाली आणि जागा बॉनीने भरून काढली. ती पहिली गोरी आयकेट. काळा टोप आणि त्वचा गडद दिसावी म्हणून रंग, अशा वेशात ती उभी राहिली. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कलाकारांनी एका गाडीतून प्रवास करणं त्या काळी जिवावर बेतू शकत होतं, त्यामुळे हे प्रकरण लांबणं शक्यच नव्हतं.

दोघांची भेट कशी झाली?

१९६७ मध्ये बॉनी लॉस एंजेलिसला आली, तिथे एका कार्यक्रमाच्या निमित्ताने भेट झाली आणि आठवड्याच्या आत लग्न. पुढच्याच वर्षी मुलगी बेक्का जन्मली. तिच्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे.

मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीने त्यांना कसं घेतलं? आणि तो अल्बम गाजला का नाही?

स्टॅक्स म्हणजे ओटिस रेडिंग, सॅम अँड डेव्ह, एडी फ्लॉइड यांची कंपनी. दक्षिणेकडच्या सोलचं हे माहेरघर. तिथले घरचे वादक बुकर टी अँड द एमजीज यांच्यात गोरे होते, पण गायक मात्र जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. अशा कंपनीशी करार करणाऱ्या पहिल्या गोऱ्या गायकांत या जोडीची गणना होते. ‘होम’ हा अल्बम मेम्फिसमध्ये झाला, निर्माते डॉन निक्स आणि बेसवादक डक डन. आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टर यांचं गाणं, विल्यम बेल आणि बुकर टी यांचं गाणं, असा घरचाच माल. बॉनीला तिथे परकं वाटण्याचं कारणच नव्हतं.

पण वेळ वाईट होती. डिसेंबर १९६७ मध्ये ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला. १९६८ मध्ये अटलांटिक कंपनीशी फारकत होताना स्टॅक्सच्या हातून आधीच्या ध्वनिमुद्रणांचा हक्क गेला. नवा साठा उभा करायचा म्हणून कंपनीने १९६९ च्या मध्यावर दोन डझनांहून जास्त अल्बम एकदम बाजारात उतरवले. त्या लोंढ्यात ‘होम’ वाहून गेला. त्या ढिगातून वर आला तो आयझॅक हेज.

आज ‘होम’ ऐकला की वाटतं, गाण्यात काही कमी नव्हतं. सगळं नीटनेटकं, जागच्या जागी. फक्त ही दोघं ज्यासाठी नंतर ओळखली गेली तो मोकळेपणा यात अजून आलेला नाही.

मग तो मोकळेपणा कधी आला?

त्याच वर्षी, इलेक्ट्रा कंपनीने काढलेल्या दुसऱ्या अल्बममध्ये. नाव ‘ॲक्सेप्ट नो सब्स्टिट्यूट’. इथे भाड्याचे वादक नाहीत, स्वतःचा बँड आहे. पियानोवर लिओन रसेल, ऑर्गनवर बॉबी व्हिटलॉक, बेसवर कार्ल रॅडल, ड्रम्सवर जिम केल्टनर, सॅक्सोफोनवर बॉबी कीज, ट्रंपेटवर जिम प्राइस, मागे गाणाऱ्यांत रिटा कूलिज. यातली बरीच मंडळी ओक्लाहोमातल्या टल्सा शहराकडची, कीज आणि प्राइस टेक्सासचे, व्हिटलॉक मेम्फिसकडचा, कूलिज टेनेसीची. लॉस एंजेलिसमध्ये जमलेली, पण कानाने सगळी दक्षिणेची.

विक्री इथेही बेताचीच. बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या खपाच्या यादीत १७५ च्या वर गेला नाही. पण संगीतकारांच्या घरी हा अल्बम पोचला, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

याला रॉक म्हणायचं, सोल म्हणायचं, की गॉस्पेल?

तिन्ही, आणि जोडीला कंट्री. नावापेक्षा गाण्याची मांडणी ध्यानात घेतली तर जास्त उलगडतं. आपल्याकडे भजनात बुवांनी ओळ टाकावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलून धरावी, पुन्हा टाकावी, पुन्हा उचलावी, आणि तसं करता करता लय चढत जावी. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्याची घडण अगदी अशीच असते, आणि डिलेनी-बॉनीने रॉकच्या विजेच्या गिटारी तिच्यात आणून बसवल्या. डिलेनी ओळ टाकतो ती थोडी सैल, दक्षिणी हेल काढून. बॉनी त्यावर येते ती सरळ वरच्या पट्टीत, खरखरीत आवाजाने, आणि शब्दाच्या शेवटी आवाज फाटू देते. दोघांचे स्वर एकमेकांत विरघळत नाहीत. शेजारी शेजारी चालतात, मधूनच एकमेकांना धक्का देतात. मागे कीज आणि प्राइस हे दोघंच फुंकणारे, पण दहा जणांचा ताफा असल्यासारखे छोटे छोटे तुकडे टाकतात. रॅडलचा बेस फार कमी स्वर वाजवतो, आणि तेवढ्यावर सगळा डोलारा उभा राहतो.

यात कुणीच एकटा चमकायला धडपडत नाही. १९६९ मध्ये, जेव्हा रॉकमध्ये एकेक गिटारवादक पाव पाव तास एकट्याने वाजवत होता, तेव्हा हे फार वेगळं होतं. क्लॅप्टनला भुरळ पडली ती नेमकी याचीच.

क्लॅप्टन त्यांच्याकडे कसा आला?

क्रीम हा त्याचा बँड १९६८ च्या अखेरीला मोडला होता. त्यानंतरचा ब्लाइंड फेथ १९६९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला. स्टेडियमएवढ्या सभागृहांत भरगच्च गर्दी, आणि बँड मात्र अजून नीट बसलेला नाही. त्यांच्या आधी गायला डिलेनी अँड बॉनी. क्लॅप्टन आपला कार्यक्रम सुरू होण्याआधी यांना ऐकू लागला, मग यांच्या बसमधून फिरू लागला. बसमध्ये गिटारी निघत, गाणं चाले. ‘देव’ म्हणून भिंतींवर ज्याचं नाव रंगवलं जात होतं, त्या माणसाला कुणाच्या तरी मागे उभं राहून साथ करायची होती. दौरा संपताच ब्लाइंड फेथ संपला आणि क्लॅप्टन साथीदार म्हणून यांच्याकडे आला.

डिलेनीने त्याला एक गोष्ट पटवून दिली: तू गायला पाहिजेस. देवाने दिलेला गळा वापरला नाहीस तर तो परत घेईल, अशा अर्थाचं तो बोलला, आणि क्लॅप्टनने ते मनावर घेतलं. ऑगस्ट १९७० मध्ये क्लॅप्टनचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला, त्याचा निर्माता डिलेनी, वादक जवळजवळ सगळे ‘फ्रेंड्स’, आणि ‘लेट इट रेन’च्या श्रेयात बॉनीचं नाव. ‘आफ्टर मिडनाइट’ हे जे. जे. केलचं गाणं त्यातलंच. तो अल्बम डिलेनी अँड बॉनी माहीत असताना ऐकला की क्लॅप्टनच्या आवाजात डिलेनीची ढब स्पष्ट कळते: ओळ मागे ओढणं, शब्द अर्धवट गिळणं, मध्येच हाळी देणं.

आणि जॉर्ज हॅरिसन?

हॅरिसन क्लॅप्टनच्याही आधीपासून त्यांचा चाहता. दुसऱ्या अल्बमचं ध्वनिमुद्रण कानावर पडल्यावर त्याने बीटल्सच्या ॲपल कंपनीतर्फे तो काढायची तयारी केली होती. पण इलेक्ट्राशी करार आधीच झालेला होता, त्यामुळे ते बारगळलं.

१ डिसेंबर १९६९ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम झाला. हॅरिसन ऐकायला आला होता. दुसऱ्या दिवशी बस त्याच्या घराशी थांबली आणि हा गिटार घेऊन चढला. १९६६ नंतर बीटल्स दौऱ्यावर गेलेच नव्हते, त्यामुळे तीन वर्षांनी तो रंगमंचावर उभा राहत होता, तोही मागच्या रांगेत, नाव न गाजवता. ब्रिस्टल, बर्मिंगहॅम, शेफील्ड, न्यूकॅसल, मग त्याचं स्वतःचं लिव्हरपूल, क्रॉयडन, आणि पुढे कोपनहेगन.

या दौऱ्यात दोन गोष्टी घडल्या. पहिली स्लाइड गिटारची. ‘कमिंग होम’ या गाण्यात स्लाइडचा जो भाग ‘फ्रेंड्स’पैकी गिटारवादक डेव्ह मेसनने वाजवला होता, तो डिलेनीने हॅरिसनला वाजवायला सांगितला. हॅरिसनचा स्लाइडशी फारसा संबंध नव्हता. बोटात नळी घालून तारेवर घसरवायची, आणि पडद्यावर बोट न दाबता अचूक सूर पकडायचा, हे तो या बसमध्ये आणि रंगमंचावर शिकला. पुढे तीच त्याची ओळख झाली. १९७० नंतरचा हॅरिसन म्हटलं की कानात येतो तो हाच रडवेला, रेंगाळणारा सूर.

दुसरी गोष्ट ‘माय स्वीट लॉर्ड’. हे गाणं त्याने कोपनहेगनच्या मुक्कामात, डिसेंबर १९६९ मध्ये रचायला घेतलं. मराठी श्रोत्याला या गाण्यातला ‘हरे कृष्ण’चा घोष आणि शेवटी येणारा ‘गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः’ चटकन ओळखू येतो. ज्या सामूहिक, टाळ्यांच्या, पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या कोरसवर हे मंत्र बसले आहेत, तो कोरस गॉस्पेलचा आहे, आणि हॅरिसन त्या दिवसांत रोज रात्री तसंच गाणं वाजवत होता. वृंदावन आणि मिसिसिपी एका गाण्यात भेटतात ते उगीच नाही.

हॅरिसनने डिलेनीला गिटार भेट दिल्याचं ऐकलंय. कुठली?

रोझवुडची टेलिकास्टर. फेंडर कंपनीने हॅरिसनसाठी खास बनवलेली, संपूर्ण गडद लाकडाची. जानेवारी १९६९ मध्ये बीटल्सनी लंडनमध्ये गच्चीवर जो शेवटचा कार्यक्रम केला त्यात हॅरिसनच्या गळ्यात हीच होती. वर्षाच्या अखेरीला त्याने ती डिलेनीला देऊन टाकली. डिलेनीने ती तीस वर्षांहून जास्त जपली. २००३ मध्ये ती लिलावात आली आणि चार लाख डॉलरच्या वर गेली. हॅरिसनच्या पत्नी ऑलिव्हिया यांच्या वतीने ती घेतली गेली, म्हणजे घरी परत गेली.

‘ऑन टूर’ अल्बम इतका नावाजला का जातो?

कारण त्यात हा बँड जसा होता तसा सापडतो. ध्वनिमुद्रण ७ डिसेंबर १९६९ चं, क्रॉयडनच्या फेअरफील्ड हॉल्समधलं. मार्च १९७० मध्ये अटलांटिकच्या ॲटको कंपनीने काढला, बिलबोर्डमध्ये २९ व्या क्रमांकापर्यंत गेला, पुढे सोनेरी तबकडीचा मान मिळाला. त्यांचा सर्वांत खपलेला अल्बम हाच. हॅरिसनचं नाव करारामुळे छापता येत नव्हतं, म्हणून तो ‘ल’आंजेलो मिस्टेरिओसो’ या टोपणनावाने ओळखला जातो.

जेमतेम बेचाळीस मिनिटांचा ऐवज, आणि सुरुवातीपासून धावणारा. एडी फ्लॉइडचं ‘थिंग्ज गेट बेटर’ हे पहिलं गाणं ‘होम’मध्येही आहे. दोन्ही एकापाठोपाठ ऐकून पाहा. मेम्फिसमध्ये ते तोलून-मापून गायलं आहे, क्रॉयडनमध्ये पहिल्या ठोक्यापासून बेभान आहे. मग ‘आय डोंट वॉन्ट टू डिस्कस इट’ येतं. त्यात डिलेनी गात असताना क्लॅप्टन मागून जे बारीक टोचे देतो, ते त्याच्या क्रीमच्या दिवसांतल्या लांबलचक वादनापेक्षा मला जास्त प्रिय आहेत. आणि मध्ये ‘दॅट्स व्हॉट माय मॅन इज फॉर’. इथे बाकी सगळे मागे सरकतात आणि संथ लयीत बॉनी एकटी उभी राहते. हळू सुरू करते, ओळ ओळ करत चढवते, आणि वरच्या स्वरावर पोचल्यावर आवाज मुद्दाम खरवडते. जेनिस जॉप्लिनचं नाव घेताना बॉनीचं नाव का घेतलं जात नाही, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

शेवटी लिटल रिचर्डच्या गाण्यांची माळ आहे. ती मजेची आहे, त्यापलीकडे फार नाही.

मुखपृष्ठावर वाळवंटात उभी रोल्स-रॉइस आणि खिडकीतून बाहेर आलेले कुणाचे तरी पाय आहेत. छायाचित्र बॅरी फाइनस्टाइनचं. पाय बॉब डिलनचे, असं सांगितलं जातं.

‘सुपरस्टार’ हे कार्पेंटर्सचं गाणं ना? त्याचा यांच्याशी काय संबंध?

कार्पेंटर्सनी ते १९७१ मध्ये गायलं आणि बिलबोर्डमध्ये दुसऱ्या क्रमांकावर नेलं. पण मूळ गाणं डिलेनी अँड बॉनीचं. डिसेंबर १९६९ मध्ये ‘कमिंग होम’ची छोटी तबकडी आली, तिच्या मागच्या बाजूला ‘ग्रुपी’ या नावाने ते होतं. श्रेय लिओन रसेल आणि बॉनी यांचं. मूळ कल्पनेत आपलाही वाटा होता असं रिटा कूलिजने सांगितलं आहे, आणि पुढे इंग्लिश गायक जो कॉकरच्या दौऱ्यात तिनेच ते रोज गायलं. तिथून ते गायिका बेट मिडलरकडे गेलं, तिला दूरचित्रवाणीवर ऐकून रिचर्ड कार्पेंटरच्या मनात भरलं. एक ओळ जास्त धीट वाटली म्हणून त्याने ती सौम्य केली.

कॅरन कार्पेंटरचं गाणं सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिची नायिका दूरवरून झुरणारी आहे. बॉनीची नायिका त्या वादकाबरोबर रात्र काढलेली, नंतर फसवली गेलेली बाई आहे, आणि ती चिडलेलीही आहे. एकदा बॉनीचं ऐकल्यावर या गाण्याकडे पुन्हा पूर्वीच्या कानांनी बघता येत नाही.

बँड फुटला कसा?

मार्च १९७० मध्ये जो कॉकरला अमेरिकेचा एक दौरा काही झालं तरी पार पाडायचा होता आणि हाताशी बँड नव्हता. लिओन रसेलने काही दिवसांत तीस-चाळीस माणसं गोळा केली. त्यांत रॅडल, कीज, प्राइस, ड्रमर जिम गॉर्डन, केल्टनर, कूलिज हे सगळे. ‘मॅड डॉग्ज अँड इंग्लिशमेन’ या नावाने हा दौरा गाजला. डिलेनीचा कडक कारभार आणि बेताचा मोबदला, ही कारणं त्या मंडळींपैकी काहींनी नंतर सांगितली. मेहनतीने घडवलेला संच असा एका झटक्यात गेला.

मग वाटा फुटल्या. व्हिटलॉक, रॅडल आणि गॉर्डन आधी हॅरिसनच्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’वर वाजले, आणि क्लॅप्टनबरोबर ‘डेरेक अँड द डॉमिनोज’ झाले. कीज आणि प्राइस रोलिंग स्टोन्सकडे गेले. ‘ब्राउन शुगर’मधला सॅक्सोफोन कीजचा. १९७० ते १९७२ मधले रॉकचे अर्धा डझन मोठे अल्बम काढून वादकांची नावं वाचली, तर हीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. त्यांना एकत्र आणलं होतं ते डिलेनी आणि बॉनीने.

रविशंकरांच्या बांगलादेशच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात डिलेनी-बॉनी होते का?

नाही. १ ऑगस्ट १९७१ च्या न्यूयॉर्कमधल्या त्या कार्यक्रमात हॅरिसन, क्लॅप्टन, लिओन रसेल, कार्ल रॅडल आणि जिम केल्टनर होते. म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या त्यांच्या गोतावळ्यातली मंडळी होती, गोतावळा जमवणारे दोघं नव्हते.

त्यांची स्वतःची गाजलेली गाणी नाहीतच का?

आहेत की. ‘नेव्हर एंडिंग साँग ऑफ लव्ह’ १९७१ मध्ये अमेरिकेत १३ व्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये न्यू सीकर्सनी ते गाऊन दुसऱ्या क्रमांकावर नेलं. डेव्ह मेसनचं ‘ओन्ली यू नो अँड आय नो’ २० व्या क्रमांकापर्यंत पोचलं. ‘कमिंग होम’ इंग्लंडमध्ये १६ वं.

बँड गेल्यावर त्यांनी केलं काय?

नवा गोतावळा जमवला. जॉर्जियाचा स्लाइड गिटारवादक डुएन ऑलमन आता त्यांच्याकडे वेळ मिळेल तसा येऊ लागला. ‘टू बॉनी फ्रॉम डिलेनी’ हा सप्टेंबर १९७० चा अल्बम त्याच्यामुळे ऐकावा, आणि एका गाण्यात पियानोवर खुद्द लिटल रिचर्ड आहे. त्याच वर्षी कॅनडात ‘फेस्टिव्हल एक्स्प्रेस’ नावाची रेल्वेगाडी जेनिस जॉप्लिन, द बँड, ग्रेटफुल डेड यांना घेऊन फिरली, तिच्यातही हे दोघं होते.

पण त्या काळातलं माझं सर्वांत लाडकं काम ‘मोटेल शॉट’. मार्च १९७१. दौऱ्यावर कार्यक्रम संपल्यावर वादक मोटेलच्या खोलीत बसून जे गात, तेच तसंच ध्वनिमुद्रित करायची कल्पना. साध्या गिटारी, पियानो, डफ, टाळ्या. जुनी चर्चमधली भजनं, कंट्री, रॉबर्ट जॉन्सनचा ब्लूज. बरोबर डुएन ऑलमन, लिओन रसेल, जो कॉकर, ग्रॅम पार्सन्स. विजेची वाद्यं न वापरता असे अल्बम काढायची पद्धत रूढ व्हायला अजून वीस वर्षं होती.

२२ जुलै १९७१ ला न्यूयॉर्कमधून नभोवाणीसाठी असाच एक कार्यक्रम झाला. डिलेनी, बॉनी, डुएन आणि सॅक्सोफोनवर किंग कर्टिस. तीन आठवड्यांनी किंग कर्टिसचा खून झाला, ऑक्टोबरअखेर डुएन मोटारसायकलच्या अपघातात गेला. डिलेनीचे दोन जिवलग मित्र एका वर्षात संपले.

जोडी मोडली कशामुळे?

एक कारण नव्हतं. दोघांनाही कोकेनचं व्यसन लागलं होतं, घरात कडाक्याची भांडणं होत होती, आणि बॉनी याबद्दल पुढे उघडपणे बोलली आहे. धंद्याचंही बिनसलं. त्यांनी दिलेला नवा अल्बम अटलांटिकच्या जेरी वेक्सलरला पसंत पडला नाही, त्याने करारच कोलंबिया कंपनीला देऊन टाकला. तोच अल्बम १९७२ मध्ये ‘डी अँड बी टुगेदर’ या नावाने बाजारात आला, तोवर एकत्र राहणं जवळपास संपलंच होतं. त्यानंतर थोड्याच काळात घटस्फोट झाला.

पुढे दोघांचं काय झालं?

डिलेनीने एकट्याने काही अल्बम केले, मग बराच काळ शांत राहिला. २००० नंतर पुन्हा गायला लागला. शेवटचा अल्बम २००८ मध्ये आला आणि त्याच वर्षी २७ डिसेंबरला, लॉस एंजेलिसमध्ये, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीतून तो गेला. वय ६९.

बॉनीचा प्रवास जास्त लांब आणि जास्त वळणांचा. १९७३ मध्ये ‘स्वीट बॉनी ब्रॅमलेट’, मग जॉर्जियातल्या कॅप्रिकॉर्न कंपनीसाठी तीन अल्बम, ऑलमन ब्रदर्सच्या १९७९ च्या अल्बमवर आवाज, नंतर धर्माकडे ओढा आणि गॉस्पेल. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ‘रोझॅन’ या लोकप्रिय मालिकेत ती बॉनी शेरिडन या नावाने अभिनय करताना दिसली.

एल्व्हिस कॉस्टेलोला तिने मारलं होतं ते खरं का?

हो. मार्च १९७९, ओहायोतलं कोलंबस शहर, हॉटेलचा बार. बॉनी तेव्हा स्टीफन स्टिल्सच्या ताफ्यात होती. दारूच्या नशेत कॉस्टेलो जेम्स ब्राउन आणि रे चार्ल्स यांच्याबद्दल वर्णद्वेषी शब्द बोलला आणि बॉनीने हात उचलला. नंतर कॉस्टेलोने पत्रकारांसमोर खेद व्यक्त केला. ज्या बाईने सेंट लुइसच्या क्लबांत कृष्णवर्णीय उस्तादांकडून गाणं उचललं, तिने तिथे गप्प बसावं अशी अपेक्षाच चूक होती.

बेक्का ब्रॅमलेट त्यांचीच मुलगी का?

त्यांचीच. १९९३ मध्ये ती फ्लीटवुड मॅकमध्ये गायिका म्हणून आली आणि १९९५ च्या ‘टाइम’ अल्बमवर गायली. त्या वेळी त्याच बँडमध्ये गिटार वाजवत होता डेव्ह मेसन, म्हणजे आईवडिलांच्या ‘फ्रेंड्स’पैकी एक.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

‘ऑन टूर’पासून, आणि आवाज मोठा ठेवून. ते अंगात भिनलं की ‘मोटेल शॉट’. मग ‘ॲक्सेप्ट नो सब्स्टिट्यूट’, त्यातही ‘डू राइट वुमन’ मन लावून. अरिथा फ्रँकलिनने गाजवलेलं गाणं हाती घेऊन त्यात स्वतःचं काही सांगणं फार थोड्यांना जमलं आहे, बॉनीला जमलं. ‘होम’ त्यानंतर. ‘डी अँड बी टुगेदर’ शेवटी ठेवावा, त्यात एकेकटी गाणी चांगली आहेत पण अल्बम म्हणून तो तुकड्यातुकड्यांचा वाटतो.

ज्यांना वेड लागेल त्यांच्यासाठी २०१० मध्ये ऱ्हायनो कंपनीने चार सीडींचा संच काढला, त्यात अल्बर्ट हॉल, ब्रिस्टल आणि क्रॉयडनचे कार्यक्रम आहेत. तीच गाणी वेगवेगळ्या रात्री ऐकायला मिळतात. अल्बर्ट हॉलला हॅरिसन श्रोत्यांत होता, ब्रिस्टलला रंगमंचावर. ते दोन कार्यक्रम लागोपाठ लावावेत.